मोहखेडच्या घाटातली फांदी

चौतीस वर्षं मी बुलढाण्याच्या ट्रेझरीत कारकुनी केली. त्या काळात लिहिलेली ओळ मी कधी खोडली नाही. खोडावी लागेल असं लिहायचंच नाही, ही माझी पद्धत. ती वेळ आली निवृत्त झाल्यावर, गेल्या फेब्रुवारीत, रविवारी सकाळी सव्वासहाला, पंचवीस-तीस सायकलवाल्यांच्या देखत. का आली हे सांगायचं तर पंजाबरावांबद्दल सांगावं लागेल, आणि पंजाबरावांबद्दल सांगायचं तर आधी मोहखेडच्या घाटाबद्दल. मी जरा वळणावळणानं सांगतो. ज्यांना घाई असेल त्यांनी नव्या रस्त्यानं जावं.

आमचं बुलढाणा डोंगरावर आणि खामगाव खाली सपाटीला. मधला हा जुना घाट चौदा किलोमीटरचा. एके काळी या घाटानं कापसाच्या आणि सरकीच्या गाड्या खामगावच्या बाजारात जायच्या आणि लाल एसटी खोकत वर यायची. मग डोंगराच्या पलीकडच्या अंगानं रुंद रस्ता झाला, जुना रस्ता अभयारण्याच्या पोटात गेला आणि दोन्ही तोंडांना फाटकं लागली. आता तिथं जीप चालत नाही, फटफटी चालत नाही. अस्वलं आहेत म्हणून पायी जायचीही बंदी. गेल्या दोन वर्षांपासून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त रविवारी, सहा ते नऊ, फक्त सायकली सोडतात. अशा सकाळी तुम्ही एकदा तो घाट उतरून पाहा. टायरचा आवाज आणि मोरांचं ओरडणं, बाकी काही नाही. माझ्या तरुणपणी या रस्त्यावर हॉर्न ऐकून कान किटले होते, हे आता कोणाला सांगून खरं वाटत नाही.

ही परवानगी आमच्या सायकल मंडळानं मिळवली. मी मंडळात आलो तो साखर वाढली म्हणून. माझी बायको शारदा म्हणाली, "आयुष्यभर स्कूटरला किक मारायला शेजाऱ्याला हाक मारलीत, आणि आता घाट चढणार!" मी चढलो. दोनदा उतरून ढकलत का होईना, चढलो. वनखात्यानं सांगितलं की शिस्तीचे नियम मंडळानं करावेत आणि मंडळानं ते पाळून घ्यावेत. नियम करायचे म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एका रात्रीत सतरा नियम लिहिले, टाइप केले, लॅमिनेट केले, खाली सही ठोकली आणि वरच्या फाटकावरच्या पाटीला चार खिळ्यांनी लावून टाकले. नववा नियम असा होता: एका सायकलीवर एकच व्यक्ती, डबलसीट सक्त मनाई. पहिल्याच रविवारी कॉलेजची दोन पोरं डबलसीट बसून आरोळ्या ठोकत गेली होती आणि तिसऱ्या वळणावर झुडपात सापडली होती. नियमाला कारण होतं. नियमाला कारण असतंच, मीच तो लिहितो.

पंजाबराव मला भेटले ते गेल्या मोसमाच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात, नकाशाच्या निमित्तानं. घाटाचा नकाशा काढून फाटकावर लावावा, कुठं वळण अवघड, कुठं पाण्यानं कड तुटलेली, ते लोकांना कळावं, असं ठरलं. कोणीतरी म्हणालं, त्या घाटाची माहिती विचारायची तर एकच माणूस, बांधकाम खात्यातले जुने मैलकुली पंजाबराव. ते त्यांच्या मुलाकडे, शिक्षक असलेल्या धम्मरत्नकडे, गावाबाहेरच्या वसाहतीत राहतात. मी गेलो तेव्हा अंगणात खाटेवर बसून ते सायकलच्या चेनीला तेल घालत होते. एकाहत्तर वर्षांचा सडसडीत माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, पाठ ताठ. सायकल काळी, चोवीस इंची, आणि तिच्या मागच्या मडगार्डवर चुन्यासारख्या पांढऱ्या रंगात लिहिलेलं: मैल ९.

"जयभीम साहेब, बसा," म्हणाले, आणि खाटेवरचं तेलकट फडकं सरकवून मला जागा केली.

बुलढाणा शहरापासून मोजत आलं की नऊ नंबरचा मैल त्यांचा. पूर्वी रस्त्याचा एकेक मैल एकेका माणसाकडे असे. त्यानं खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाआधी नाल्या मोकळ्या करायच्या, मोऱ्यांमधला गाळ उपसायचा, वर्षातून एकदा मैलाच्या दगडांना चुना लावायचा. पुढं किलोमीटर आले, साहेब बदलले, डांबर आलं, पण पंजाबरावांच्या तोंडी मैल तो मैलच राहिला. बहात्तरच्या दुष्काळात एकोणीस वर्षांचे असताना ते याच घाटात खडी फोडायला आले. खडी फोडताना बाकीचे लोक दिवस मोजायचे. हे मात्र त्या रस्त्यात गुंतले. दुष्काळ सरला, कामं बंद झाली, पण हा पोरगा स्वतःहून नाल्या साफ करतो हे बघून एका ओव्हरसियरनं त्यांना मैलावर ठेवून घेतलं. त्यानंतर एकोणचाळीस वर्षं तेच काम. माझ्या ओळखीत अनेक मोठे साहेब आहेत. कामात इतका गुंतलेला माणूस मी पाहिला नाही.

दोन दुपारी मी त्यांच्याकडे बसलो. नकाशा मी काढत होतो, पण घाट त्यांच्या डोळ्यांपुढं होता. कागदाकडे ते बघतसुद्धा नव्हते.

"हे लिहा, खवेवाल्याचं वळण. तठी एक खवेवाला कावडीसगट पडलता. आख्खा घाट दोन दिस गोड वास मारे."

"आणि हे पुढचं?"

"थे सासुरवाशिनीचं वळण. पोरी सासरी जाताना तठून गाव दिसेनासं होये, मंग रडत. एसटीचा डायवर तठी मुद्दाम गाडी हळू करे."

सगळ्यात मला आवडलं ते फांदीचं. आमच्या मंडळातल्या पोरांच्या सायकलींना तेलावर चालणारे ब्रेक असतात, त्यांच्या किमती मी शारदेला सांगत नाही. त्या काळी सायकलीचं ब्रेकचं रबर झिजलेलंच असे, आणि घाट नऊ किलोमीटर सलग उताराचा. मग लोक काय करत? वर पोचल्यावर पळसाची एक पालेदार फांदी तोडायची, कॅरियरच्या खालच्या दांड्याला दोरीनं बांधायची आणि घाट उतरायचा. फांदी मागं फरफटत येते, सायकलीला ओढून धरते. दूधवाले, बांगडीवाले, मास्तर, सगळे मागं फांदी बांधून खर्रर्र करत उतरायचे.

"पळसाचीच काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"बोरीले काटे असतात साहेब, मागच्याचा टायर पंचर व्हते. मागच्याचा इचार करावा लागते. अन् पळसाचं पान रुंद असते, माह्या रस्त्यावरची बारीक खडीबी झाडल्या जाये. मले अर्धं काम लोकच करून देत."

उतार संपतो तिथं मोहखेड. गावाच्या तोंडाशी लोक फांदी सोडून द्यायचे आणि पुढं सपाटीला लागायचे. तिथं संध्याकाळपर्यंत फांद्यांचा ढीग व्हायचा, आणि गावातल्या पोरी तो चुलीसाठी घेऊन जायच्या. त्या पोरींमध्ये एक सिंधू होती. मोहखेडच्या बौद्ध वस्तीतली, वडील गावात विहाराचा ओटा बांधणाऱ्यांपैकी एक. पंजाबरावांनी तिला पाहिलं आणि पुढच्या दिवसापासून हा गडी सगळ्यात मोठी फांदी बांधून उतरायला लागला. इतकी मोठी, की उतारावरही पायडल मारावं लागायचं. लोक हसायचे. हे उतरायचे आणि फांदी ढिगावर न टाकता नेमकी सिंधूच्या दारासमोर सोडायचे.

"एक दिस ती बोलली," पंजाबराव म्हणाले. "म्हने, अवो, एवढी मोठी कायले आनता? म्या म्हनलं, उतार लय हाये."

एवढंच बोलणं आणि पुढं लग्न. लग्न शहात्तर साली झालं. पहिली सहा वर्षं दोघं घाटातल्याच पत्र्याच्या चौकीत राहिली. आठवड्याच्या बाजाराला सिंधूताई कॅरियरवर बसायच्या आणि हे सायकल हाकायचे. पोरं शाळेची झाली तशी मंडळी बुलढाण्याला आली, पण दर सणाला मोहखेड ठरलेलं. दहा वर्षांपूर्वी अभयारण्याच्या आत आलं म्हणून मोहखेड उठलं. खालच्या बाजूला नवी वसाहत झाली, सिंधूताईंचे भाऊ तिकडे गेले. त्यांना चांगली घरं मिळाली, पाणी मिळालं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण ज्या जागी गाव होतं ती जागा तशीच राहून गेली, आणि सिंधूताईंनी ती नंतर पाहिली नाही.

दुसऱ्या दुपारी नकाशा पुरा झाला. मी कागद गुंडाळायला लागलो तेव्हा पंजाबराव म्हणाले, "साहेब, एक गोष्ट इचारू का? मंडळीले नेऊ का एक रईवारी? तिचं माहेर पाह्यचं म्हनते."

मी म्हटलं, न्या की, फॉर्म भरून द्या.

"तिले सायकल येत नाई. कॅरियरवर बसवीन."

माझ्या तोंडातून लगेच नववा नियम बाहेर पडला. सरकारी नोकरीत सगळ्यात आधी काय शिकतो, तर नाही म्हणायला. मी त्यांना समजावून सांगितलं की एकाला सोडलं की दहा येतात, पोरं पडतात, परवानगी जाईल, आणि पुढच्या वर्षी बघू. पंजाबरावांनी नीट ऐकून घेतलं. स्वतः सरकारी माणूस, त्यांना हुज्जत घालता येत नव्हती.

"बराबर हाये साहेब," म्हणाले. "जीप बंद, फटफटी बंद, पायी बंद. राह्यली सायकल, म्हून म्हनलं. नियम म्हंजे नियम."

डिसेंबरात ते एकदा माझ्या घरी आले. नकाशात एक मोरी मी उलट्या बाजूला दाखवली होती, ती दुरुस्त करायला. चहा घेतला, मोरी दुरुस्त केली, मग उगाच थोडा वेळ अंगणात उभे राहिले आणि गेले. काहीतरी विचारायला आले होते हे मला कळलं. मीही मूग गिळून गप्प बसलो. त्या वागण्याची मला अजून लाज वाटते.

फेब्रुवारीत शारदेला मोतिबिंदू दाखवायला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. मी बाहेर औषधाच्या दुकानात आणि ती आत बाकावर. घरी आल्यावर तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचा नववा नियम काय आहे हो?"

मी सांगितला.

"तिथं माझ्या शेजारी सिंधूताई म्हणून एक बाई बसल्या होत्या. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी त्यांना दिवाळीलाच सांगितलंय, आता थोडंच उरलंय, काय पाहायचं ते पाहून घ्या. त्यांना त्यांचं गाव पाहायचं होतं. नवऱ्यानं कोण्या साहेबाला विचारलं, तर साहेब म्हणाला पुढच्या वर्षी बघू." शारदा माझ्याकडे वळली. "तो साहेब तुम्ही ना?"

"त्यांनी मला डोळ्यांचं सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? मी त्याच संध्याकाळी पंजाबरावांच्या घरी गेलो. सिंधूताई ओट्यावर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. बोटांनी एकेक खडा काढून बाजूला टाकत होत्या. मी आवाज देताच म्हणाल्या, "नकाशावाले साहेब काय? या." मी पंजाबरावांना म्हटलं, येत्या रविवारी पावणेसहाला वरच्या फाटकावर या, ताईंना घेऊन. नियमाचं काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते माझ्याकडे सोडा. त्या रात्री मला वाटलं की मी फार मोठं काम केलं, आणि मी शांत झोपलो.

रविवारी सकाळी वरच्या फाटकावर गर्दी होती. फेब्रुवारीचे शेवटचे दोन रविवार उरले म्हणून लोक मेहकरपासून आले होते. पंजाबराव आले ते सायकल हातात धरून, कॅरियरवर घडी घातलेली गोधडी, आणि शेजारून सिंधूताई. निळी साडी, हातातल्या पिशवीत पांढरी फुलं आणि मेणबत्त्या. सायकलीच्या मागं दोरीनं बांधलेली एक दांडगी कडुनिंबाची फांदी.

फाटकावर वनरक्षक रेणुका होती. देऊळगाव राजाकडची पोरगी, वय सव्वीस, पण फाटकापाशी उभी राहिली की वाघीण. तिनं आधी फांदीकडे बोट दाखवलं.

"बाबा, ही कुठून तोडली?"

"तोडली नाई बाई. वसाहतीत लाइनमननं तारेखालचा निंब छाटला, थ्यातली हाये. पळस तुमचा, त्याले हात नाई लावला."

"मेणबत्ती आत चालत नाही."

सिंधूताईंनी मुकाट्यानं मेणबत्त्या तिच्या हातात दिल्या. मग रेणुकानं गोधडीकडे पाहिलं, सिंधूताईंकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "काका, हे डबलसीट आहेत."

"हो. मी सांगतोय ना, सोड त्यांना."

"तुम्हीच लिहिलंय ना?" तिनं पाटीवर बोट ठेवलं. "नियम नऊ. खाली सही कोणाची? मागच्या महिन्यात मी नवरा-बायकोच्या दोन जोड्या याच नियमावर परत लावल्या. तुमच्या ओळखीचे म्हणून आज ह्यांना सोडलं तर मी त्यांना काय तोंड दाखवू? सोडायचं तर सगळ्यांना सोडा. तुम्ही खोडा, मी फाटक उघडते."

घोडं कुठं पेंड खात होतं ते आत्ता मला कळलं. मला नियम ठेवून एका माणसावर उपकार करायचे होते. ती पोरगी तेवढं करू देत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं. मी खिशातलं बॉलपेन काढलं. लॅमिनेशनवर बॉलपेन उमटत नाही. मी दाबून रेघोट्या मारत राहिलो आणि मागं कोणीतरी हसलं. रेणुकानं चौकीतून जाड काळा मार्कर आणून दिला. मी नववा नियम आडवा खोडला. बाजूला सही केली, तारीख टाकली, कारण तशीच सवय. फाटक वर गेलं आणि मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते मात्र मला आवडलं नाही.

पंजाबरावांनी आधी सायकल उताराला लावली, सिंधूताई कॅरियरवर एका अंगाला बसल्या, एक हात सीटच्या स्प्रिंगला, दुसऱ्या हातात पिशवी. फांदी खर्रर्र करत मागं लागली. मी त्यांच्या मागं राहिलो, पाला आणि धूळ खात. मंडळाची पोरं आम्हाला ओलांडून भुर्रकन पुढं गेली. आम्ही पायी चालणाऱ्यापेक्षा थोडेच जोरात होतो. वळणावळणाला सिंधूताईंचा आवाज ऐकू यायचा.

"आता खवेवाल्याचं."

"हाव."

"आता मोरी. दोन धक्के."

दोन धक्के बसायचे. सासुरवाशिणीच्या वळणाला पंजाबरावांनी दोन्ही पाय जमिनीला लावून सायकल आणखी हळू केली, आणि सिंधूताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. नवव्या मैलाच्या दगडावर चुना राहिला नव्हता. पंजाबराव जाता जाता त्याच्याकडे बघून मान हलवून गेले, आपल्या मागं आलेल्या माणसानं काम नीट केलं नाही म्हणून. पण त्यांच्या मागं माणूसच आला नव्हता.

पळस नुकता पेटायला लागला होता. उजव्या हाताला दरीभर लाल झाडं होती. मी दर वळणाला मनात म्हणत होतो, ताईंनी हे तरी बघावं, हे तरी बघावं. त्या समोर बघत होत्या.

"आलं काय?" सायकल थांबायच्या आधीच त्यांनी विचारलं.

मोहखेड म्हणून आता तिथं सांगण्यासारखं काही नाही. कमरेएवढं गवत, मोहाची चार झाडं, घाणेरीची जाळी, मधूनमधून घरांची जोती. रस्त्यापासून वीस पावलांवर विहाराचा ओटा तेवढा उभा होता, त्यावर निळ्या रंगाचा एक पोपडा. पंजाबरावांनी सिंधूताईंना हात धरून ओट्याशी नेलं. त्यांनी फुलं ठेवली, हात जोडले, पुटपुटल्या. मग उठून चेहरा फिरवला. गाव ज्या बाजूला होतं तिकडे नाही, उन्हाकडे.

"पाह्य न सिंधू, तुह्या बाबाचा ओटा अजून तसाच हाये," पंजाबराव म्हणाले. "अन् थो मोह. दिसला?"

"उजेड दिसते," त्या म्हणाल्या.

"अन् मोह?"

"जानेवारीपासून उजेडच दिसते, बाकी नाई दिसत. सुनेले सांगतलं होतं, तुमाले नाई. सांगतलं असतं तं तुमी मले आनलं नसतं."

पंजाबरावांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. घरातल्या घरात ती भिंतीला हात लावून चालत होती, डब्यातलं तिखट वासानं ओळखत होती, हे सगळं त्यांना त्या क्षणी आठवत असावं. मला दुसरंच आठवत होतं. नोव्हेंबर, त्यांच्या अंगणातली खाट, आणि मी म्हटलेलं, पुढच्या वर्षी बघू.

"ताई," मी म्हटलं, "मी नाही म्हटलं नसतं तर..."

"हाव," सिंधूताई म्हणाल्या. "तवा दिसलं असतं."

आवाजात राग नव्हता. माझं समाधान व्हावं असंही त्यात काही नव्हतं. जे होतं ते त्यांनी सांगितलं, आणि ते मला जन्मभर पुरणार आहे. ती एक ओळ मी कशानंही खोडू शकत नाही.

पंजाबराव सायकलीकडे गेले. मला वाटलं, निघायचं म्हणतात. त्यांनी वाकून कॅरियरची गाठ सोडली, फांदी दोन्ही हातांत धरली आणि गवतातून ओढत आणायला लागले. घाट उतरून तिची निम्मी पानं गळाली होती, पण फांदी मोठी होती. एवढ्या हळू उतरायला तिच्या निम्मी पुरली असती. ओट्यापलीकडे एक जोतं होतं, त्याला उंबऱ्याचा दगड अजून होता. खर्रर्र असा आवाज करत त्यांनी ती फांदी त्या दगडापाशी आणून सोडली आणि कमरेवर हात ठेवून, दम खात उभे राहिले.

आवाज जिथं थांबला तिकडे सिंधूताई बरोबर वळल्या. हात पुढं करत, पाय चाचपत आल्या. दगडाला पाय लागला तशा खाली बसल्या. आधी त्यांनी उंबऱ्यावरून हात फिरवला, मग फांदीवरून, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. शेंडा लागेपर्यंत त्यांना बसल्या जागेवरून सरकावं लागलं. आणि त्या हसल्या. सहासष्ट वर्षांच्या बाईच्या तोंडावर असं हसू मी पाहिलं नव्हतं.

"अवो," त्या म्हणाल्या, "एवढी मोठी कायले आनली?"

पंजाबरावांनी डोक्याचा रुमाल सोडला. रुमालानं तोंड पुसलं.

"उतार लय हाये," ते म्हणाले.

सिंधूताईंनी फांदी मांडीवर ओढली आणि सवयीनं तिच्या काड्या मोडायला लागल्या. एका लांबीच्या, चुलीत बसतील अशा. पंजाबराव शेजारी बसून जाड काड्या गुडघ्यावर मोडून देऊ लागले. मी बाजूला उभा होतो. खालच्या फाटकाशी त्यांचा मुलगा रिक्षा घेऊन थांबला होता, घड्याळात पावणेनऊ झाले होते आणि नऊला जंगल सोडायचं हा सोळावा नियम होता.

"साहेब गेले काय?" सिंधूताईंनी विचारलं.

"नाही ताई. आहे इथंच."

"मंग बसा न. काड्या मोडू लागा."

मी बसलो.